मला आणि तान्हीला एकच औषध

धाकटीच्या वेळचं बाळंतपण होऊन दोन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तान्ही पोर जांभया द्यायला लागली आणि तिला काय झालंय ते मला कळलं. खोलीत दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. मी मात्र त्या जांभया ओळखल्या. रोज सकाळी डोळे उघडल्यापासून औषध पोटात जाईपर्यंत मला तशाच यायच्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत.

बायका असलं काही बोलत नाहीत. मीही बोलले नसते. पण त्या दिवसांत मला कुणी सांगितलं असतं की अमुक एका बाईला हेच झालं होतं आणि ती आज आपल्या मुलींना घेऊन आपल्या घरात राहते आहे, तर मी तोंड आधी उघडलं असतं. तान्हीचे फुकट हाल झाले नसते. म्हणून लिहिते आहे.

*

आम्ही अंधेरीचे. माझ्या सासऱ्यांनी जागा घेतली तेव्हा मागे भाताची खाचरं होती म्हणतात. घरात सासूबाई, हे, मी आणि मोठी मुलगी शुभा. यांची नोकरी फोर्टात, एका विमा कंपनीत. सकाळी डबा घेऊन जायचे ते दिवेलागणीला परत.

शुभानंतर मला एक मुलगा झाला होता. तो महिनाभरच राहिला. त्यानंतर माझ्या पोटात मुरडा उठायला लागला. आव पडायची, रात्र रात्र झोप नाही. नाक्यावरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मिक्श्चर दिलं. तपकिरी रंगाचं, कापराच्या वासाचं, आधी कडू आणि मागून जिभेवर गोड. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. पहिल्याच डोसानं मुरडा थांबला. नुसता मुरडा नव्हे. त्या दुपारी पाळणा लटकवायच्या कडीकडे बघून मला पहिल्यांदा रडू आलं नाही. सगळं घर जरा लांब जाऊन बसल्यासारखं वाटलं.

त्यात अफूचा अर्क आहे हे मला ठाऊक नव्हतं. औषध संपलं की दुसऱ्या दिवशी नाक गळायचं, अंगावर काटा यायचा, पोटऱ्या पिळवटायच्या आणि जुलाब सुरू व्हायचे. मला वाटायचं, आजार उलटला. डॉक्टरांनाही तेच वाटायचं आणि ते पुन्हा लिहून द्यायचे. पुढे कंपाउंडर ओळखीचा झाला आणि लिहून द्यायचीही गरज उरली नाही. पट्टीवरची एक खूण पुरेनाशी झाली, मग दोन पुरेनाशा झाल्या. मग मी पार्ल्याच्या एका दवाखान्यातूनही आणायला लागले. एवढं होऊनही मी व्यसनी आहे असं माझ्या मनाला शिवलं नाही. व्यसन म्हणजे गुत्त्यावर जाणाऱ्या पुरुषांचं. माझ्या बाटलीवर तर दवाखान्याचं लेबल होतं.

शुभाला मात्र माझ्या आधी कळलं होतं, असं आता वाटतं. तेव्हा ती सहा वर्षांची. नाक्यावर बाटली घेऊन तीच जायची. घरी असताना मधूनच फळीवरून बाटली काढून उजेडाकडे धरायची, किती उरलंय ते बघायची आणि गुपचूप ठेवून द्यायची. एका दुपारी सासूबाई देवळात पुराणाला गेल्या होत्या आणि मी दाराला आतून कडी घालून निजले होते. शुभा शाळेतून आली, दार ठोठावत राहिली. मला ऐकूच गेलं नाही. सासूबाई परत आल्या तर ही पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. का बसलीस गं बाहेर, असं त्यांनी विचारल्यावर तिनं सांगितलं, मी खेळत होते. त्या एवढ्याशा पोरीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. मी ते आतून ऐकलं, आणि मला बरं वाटलं. आजार माणसाला कुठे नेतो ते यावरून समजावं.

*

पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी औषध सोडून बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच वाटलं. दुसऱ्याच दिवशी पोटात अशा कळा यायला लागल्या की हेही मूल जातं की काय म्हणून मी घाबरले आणि पुन्हा घेतलं. कळा थांबल्या. मग मी ठरवून टाकलं की हे औषधच माझ्या बाळाला राखतंय. प्रसूतिगृहात नाव घालताना काही औषधं चालू आहेत का असं विचारलं, तर मी नाही म्हटलं.

ते प्रसूतिगृह वर्सोव्याच्या रस्त्याला होतं. बंगलीच होती ती, मोजक्या खाटांची. अंधेरीच्या पांढरपेशा घरांतल्या बायका तिथे यायच्या तशा किनाऱ्यावरच्या कोळणीही यायच्या. डॉक्टर सबनीसबाई ते चालवायच्या. वयानं पन्नाशीच्या, अंगानं बारीक, बोलायला तोडून. बायका त्यांना वचकून असत.

मी पिशवीत लुगड्याच्या घडीत बाटली नेली होती. मुलगी सुखरूप झाली. पहिल्या रात्री उरलंसुरलं सगळं मी पिऊन टाकलं. वाटलं, दुसऱ्या दिवशी शुभाला पाठवून मागवता येईल. पण सासूबाई शुभाला शेजारी ठेवून स्वतः माझ्यापाशी राहायला आल्या आणि तो मार्ग बंद झाला.

दुसऱ्या दिवसापासून तान्ही रडायला लागली. बाळाचं रडणं आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हे वेगळं होतं. पातळ, टोकदार, न तुटणारं. अंगावर घेतलं की अधाशासारखी तुटून पडायची आणि दोन घोट जातात न जातात तोच सोडून द्यायची. सारखे हातपाय मारून तिच्या टाचा सोलवटल्या. अंग थरथरायचं. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. सिस्टरनं पोट चोळलं. डॉक्टरबाईंनी तीनतीनदा तपासलं, जबडा दाबून पाहिला, नाळ पाहिली. दाराबाहेर त्या सिस्टरशी बोलत होत्या त्यात मला ‘धनुर्वात’ हा शब्द ऐकू आला. आमचा मुलगा त्यानंच गेला होता.

तिसऱ्या दिवशी माझंही लपेनासं झालं. घाम, थंडी, पोटऱ्यांत गोळे, जुलाब. सगळ्यांना वाटलं बाळंतज्वर. डॉक्टरबाईंनी ठरवलं की संध्याकाळपर्यंत वाट पाहायची आणि उतार नसला तर पोरीला टॅक्सीनं शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं. मला हलवता येणार नव्हतं. सासूबाई तिला घेऊन जाणार होत्या. माझ्या मोठ्या नणंद, आम्ही त्यांना वन्सं म्हणतो, गिरगावातून निरोप मिळताच आल्या होत्या, त्या माझ्यापाशी थांबणार होत्या.

रडून रडून थकलेली तान्ही सासूबाईंच्या मांडीवर होती. तिनं जांभई दिली. मग दुसरी. मग लागोपाठ शिंका. मग पुन्हा जांभई, आणि डोळ्यांच्या कडांना पाणी. सासूबाई म्हणाल्या, झोप आलीय पोरीला, आता झोपेल बघ. मी बघत होते आणि माझ्या स्वतःच्या नाकातून पाणी गळत होतं.

*

ज्या दिवशी डॉक्टर रोगाचं नाव सांगतात तो दिवस आजारी माणसाच्या लक्षात राहतो. माझ्या बाबतीत नाव मलाच सांगावं लागलं.

बाहेर टॅक्सीची बोलणी चालू होती. इस्पितळात धनुर्वाताची इंजेक्शनं देतील, माझी पोर त्यानं बरी होणार नाही, आणि का होत नाही ते तिथे कुणालाच कळणार नाही, एवढं मला लख्ख दिसत होतं. सांगितलं तर पुढे काय होईल तेही दिसत होतं. मी सिस्टरला म्हटलं, बाईंना बोलवा. त्या आल्या. मला एकटीनं बोलायचंय म्हटलं तर वन्सं उठल्या, पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. “माझ्यासमोर बोल. मी काय परकी आहे?” म्हणाल्या.

मग मी त्यांच्यासमोरच बोलले. “तिला धनुर्वात नाही. तिला माझं औषध हवंय.”

“कसलं औषध?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

मी पिशवीतून रिकामी बाटली काढायला सांगितली. बाईंनी बूच काढून वास घेतला आणि बाटली हळूच टेबलावर ठेवली. किती वर्षं, दिवसाकाठी किती, शेवटचं कधी, सगळं विचारलं. आवाज चढवला नाही. मी सांगत गेले. दिवसाचं प्रमाण सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पुन्हा विचारलं, कारण त्यांना पटलं नाही.

“म्हणजे तुझाही हा ताप नव्हे,” त्या म्हणाल्या. मग खाटेच्या कडेला बसल्या. “सांगितलंस ते बरं केलंस. आता पोर वाचेल.”

तरुणपणी त्या गिरणगावात एका इस्पितळात होत्या. अंग ठणकतं म्हणून अफूची गोळी खाऊन कामावर उभ्या राहणाऱ्या बायका त्यांनी तिथे पाहिल्या होत्या आणि त्यांची पोरंही पाहिली होती. मी अंधेरीच्या ब्राह्मणाच्या घरातली, म्हणून माझ्या बाबतीत ते त्यांच्या डोक्यातही आलं नाही, असं त्यांनीच नंतर मला सांगितलं.

उपाय ऐकल्यावर सासूबाई उभ्या राहिल्या. तान्हीला तेच औषध द्यायचं होतं, थेंबाच्या हिशेबानं, आणि मग दिवसागणिक उतरवत न्यायचं. मलाही तसंच. “पुन्हा तेच विष? त्या कोवळ्या जिवाला?” सासूबाई म्हणाल्या. बाईंनी त्यांना समजावलं की आईच्या पोटात पोरीला ते रोज मिळत होतं, ते एकदम तुटलं म्हणून ही दशा. एकदम तोडलं तर आकडी येऊन पोर दगावेल. आणि एखादा थेंब जास्त झाला तर श्वास बंद पडेल. म्हणून कुणीतरी सतत तिच्यापाशी बसायला हवं.

चमच्यात माझंच दूध पिळून त्यात पहिला थेंब घातला. सिस्टरनं तो तिच्या गालाच्या आत सोडला. मग आम्ही चौघी बायका त्या पोरीकडे बघत बसलो. सिस्टरचा हात तिच्या छातीवर. बराच वेळ काहीच फरक नव्हता. मग आवळलेल्या मुठी सैल पडल्या. रडणं थांबलं तेव्हा खोलीत एकदम इतकी शांतता झाली की मला धडकी भरली. मी सिस्टरला विचारत राहिले, चालू आहे ना, श्वास चालू आहे ना. ती प्रत्येक वेळी मान हलवत होती. मला त्या शांततेवर विश्वास ठेवायला फार वेळ लागला.

*

बाहेर व्हरांड्यात काय बोलणं झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. वन्संचं म्हणणं, दोन्ही मुली मी गिरगावात नेते, हिच्या हाती ठेवायच्या नाहीत. हे ऑफिसातून आले, बाहेरच सगळं ऐकलं आणि आत न येता घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते दारात उभे राहिले. तान्हीकडे बघत होते. जाताना फक्त एवढं म्हणाले, “शुभानं विचारलं, आई औषध घेऊन झोपलीय का?”

शुभाला वन्सं घेऊन गेल्या. तिला माझ्यापर्यंत आणलंही नाही. तान्हीलाही न्यायचं घाटत होतं. वरचं दूध आणि थेंबांचं औषध, गिरगावातले डॉक्टर बघतील, असा विचार. सबनीसबाई आडव्या आल्या. त्यांनी यांना आणि वन्संना समोर बसवून सांगितलं की पोर आईपासून तोडलीत तर दोघींपैकी एकही धड बरी होणार नाही. पोरीसाठी म्हणून ही बाई सोडेल, पोरच नेलीत तर कशासाठी सोडेल? दोघी इथेच राहतील, सिस्टरच्या डोळ्यांसमोर राहतील. “तिच्यावर रागवायचं असेल तर ती बरी झाल्यावर रागवा,” असं त्यांनी म्हटल्याचं मला सासूबाईंनी सांगितलं.

मला आधी वाटलं होतं, बाई माझी बाजू घेताहेत. तसं काही नव्हतं. त्या माझ्या खोलीत आल्या आणि मला स्पष्ट बजावलं, तुला इथे ठेवते ते पोरीसाठी. एकदा जरी चोरून घेतलंस तर मी स्वतः तिला तुझ्या नणंदेच्या हवाली करीन.

मग आमची उतरण सुरू झाली. सकाळी सिस्टर ट्रे आणायची, त्यात माझा छोटा ग्लास आणि तान्हीचा चमचा. आधी तिला, मग मला. काही दिवसांनी बाई प्रमाण एक पायरी खाली आणायच्या आणि ते दोन-तीन दिवस आम्हा दोघींना जड जायचे. तिच्या अंगाला घाम सुटला की माझ्याही सुटलेला असायचा. उजेड नको म्हणून खिडकीला जुनं जाजम लावलं होतं. तिला गच्च गुंडाळून छातीशी धरायचं आणि हलायचं नाही, झोके द्यायचे नाहीत, गाणं म्हणायचं नाही. आवाजानंही ती दचकायची. तासन्‌तास मी तशी बसून असायची, पोटऱ्यांत गोळे येत असताना. पाय झाडावेसे वाटायचे आणि झाडता यायचे नाहीत. कधीकधी मला तिचा राग यायचा. हेही लिहायला हवं.

प्रमाण अर्ध्यावर आलं होतं त्या सुमाराची गोष्ट. सकाळीच एक अडलेली बाई आली आणि सिस्टरला धावत बोलावणं आलं. ती गेली, ट्रे तसाच राहिला. त्यात तान्हीच्या औषधाची बाटली होती. बाई अजून यायच्या होत्या. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. तान्ही शेजारी पाळण्यात.

मी उठले. बाटली उचलली. ती भरलेली होती. मला माहीत होतं की ती बाटली तिची आहे, आणि मी प्यायले तर सिस्टर पाणी घालून भरलेलं ओळखेल किंवा ओळखणार नाही, आणि न ओळखलं तर पोरीला उद्या नुसतं पाणी मिळेल. हा सगळा विचार मी शांतपणे केला आणि बूच काढलं.

दारात सासूबाई उभ्या होत्या, ओल्या केसांनी. मला वाटलं आता हाका मारतील, सगळं प्रसूतिगृह गोळा होईल. त्यांनी दार लोटून घेतलं, येऊन खाटेवर बसल्या आणि हात पुढे केला. “दे इकडे.”

मी दिली. जिभेला लावलं नव्हतं. पण त्या आल्या नसत्या तर लावलं असतं. कुणी असल्या आजारात असेल तर तिनं हे वाचावं. पोरीवर जीव होता तरी हात बाटलीकडे गेला. माया कमी होती असं नाही. मायेनं तेवढं एक काम होत नाही, तिथे दुसरं माणूस लागतं.

त्या बाटलीचं बूच लावत बसल्या, लावून झालं तरी दाबत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता बोलल्या. “बाळ गेला तेव्हा तू दिवसरात्र रडायचीस. मला ते ऐकवत नसे. मग ते औषध आलं आणि तू रडायची थांबलीस. मला वास यायचा गं. तू दुपारची कशी झोपतेस ते दिसत होतं. पण घर शांत झालं होतं, म्हणून मी गप्प बसले.”

औषध लागल्यापासून मला पहिल्यांदा रडू फुटलं ते तेव्हा. त्या मुलासाठी, इतक्या वर्षांनी. त्यांनी मला थांबवलं नाही.

त्या दिवसापासून बाटली सासूबाईंच्या कमरेला, लुगड्याच्या कनवटीला असायची. सिस्टरला त्यांनीच तसं सांगून टाकलं, का ते सांगितलं नाही.

*

आधी तान्हीचं औषध सुटलं. तिचं सुटलं तरी माझं थोडं राहिलं होतं, आणि त्याची मला लाज वाटायची. मग माझंही सुटलं. शेवटचा डोस झाल्यावर मला काही आनंदबिनंद झाला नाही. किती दिवस झोप नव्हती, तोंडाला चव नव्हती, आणि सगळं घर जे लांब जाऊन बसलं होतं ते एकदम अंगावर आलं.

हे मला न्यायला टांगा घेऊन आले. वाटेत त्यांनी सांगितलं की आपण नाक्यावरच्या आणि पार्ल्याच्या दवाखान्यांत जाऊन आलो, माझ्या बायकोला ते औषध द्यायचं नाही म्हणून. चारचौघांसमोर सांगावं लागलं, असं म्हणाले. मला आधी संताप आला. आता मी नाक्यावरून कशी जाणार? मग मी त्यांच्याकडे पाहिलं. चारचौघांत मोठ्यानं बोलायचीही ज्यांना सवय नाही असा हा माणूस. दोन्ही दवाखान्यांत बाकावर रांगेत बसला असणार, आपली पाळी येईपर्यंत. मी तान्हीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. घरापर्यंत त्यांनी तिला घेतलं.

शेजारणींना बाळंतज्वर सांगितला होता. कितीजणींनी तो खरा मानला, ठाऊक नाही. घरी आरतीला कापूर लागायचा आणि त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी आरतीतून उठून जाते हे सासूबाईंनी दोनदा पाहिलं आणि कापूर बंद केला. नुसती तुपाची वात. कुणी विचारलं तर म्हणायच्या, मला ठसका लागतो.

शुभाला मात्र वन्सं पाठवेनात. मी गिरगावात भेटायला जायची. शुभा चांगली वागायची, पाहुण्यांशी वागावं तशी. मला पाणी आणून द्यायची आणि लांब बसायची. एकदा मी वन्संना जरा टाकून बोलले. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. “मी तुझी वैरीण नाही, कुसुम. ती झोपेत उठून बसते. आजी कुठेय विचारते, आई उठली का विचारते. आता कुठे थांबलंय ते. अजून थोडी थांब.” मी थांबले. त्या थांबण्याला काही औषध नव्हतं.

शाळा उघडायच्या आधी वन्सं स्वतः तिला घेऊन आल्या. शुभानं तान्हीला पाहिलं, बोट धरायला दिलं. मग मी भाकऱ्या थापत होते तर ती फळ्या बघायला लागली. एकेक डबा हलवून त्याच्या मागे बघत होती. तांदळाच्या डब्यामागे, जात्याखाली, देवांच्या मागेही. वन्सं तिला ओरडणार होत्या. मी म्हटलं, बघू दे तिला. शुभाला सांगितलं, ट्रंकही उघड, किल्ली खुंटीला आहे. तिनं ट्रंकही उघडली.

सगळं बघून झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी तिला सांगितलं की मला एक आजार झाला होता, ते औषध घेतल्याशिवाय मला राहवत नव्हतं, आता डॉक्टरांनी ते सोडवलंय.

ती म्हणाली, “मी आणून द्यायची म्हणून झालं ना?”

एवढे महिने ती गिरगावात हे घेऊन झोपत होती. माझे हात पिठानं भरलेले होते. तशीच मी तिला जवळ घेतलं. तिला सांगितलं की तू आणायचीस कारण मी पाठवायची. आईनं सांगितलं की मुलं आणतात. चूक झाली असेल तर ती मोठ्या माणसांची, तुझी नाही. ती ऐकत होती, पण अंग ताठ होतं. एकदा सांगून हे होणार नव्हतं. त्या वर्षी मी ते तिला पुष्कळदा सांगितलं, वेगवेगळ्या वेळी, तिनं न विचारताही. वन्संनी एकदा स्वतः सांगितलं, आणि मला वाटतं ते तिला जास्त पटलं.

*

तान्हीचं नाव वासंती ठेवलं. ती उशिरा बसली, उशिरा चालली, आणि आता तिला एका जागी बसवून ठेवणं हीच आम्हा सगळ्यांची कामगिरी आहे. माझं पोट अजून अधूनमधून दुखतं. दाढ काढायची वेळ आली तेव्हा मी दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं, मला कुठलं औषध चालत नाही ते. सांगताना कान तापले होते, पण सांगितलं.

सबनीसबाई अजून मला बोलावतात. त्यांच्याकडे कुणी अशी बाई आली की निरोप येतो. आधी मी टाळायची. काय सांगू मी, असं म्हणायची. बाई म्हणाल्या, उपदेश मी करते, तू फक्त जाऊन बस.

परवा निरोप आला होता तो वर्सोव्याच्या एका कोळणीसाठी. मुलगा झाला होता, अगदी बारीक. ती कोळीण त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि सबनीसबाईंच्या कुठल्याच प्रश्नाला उत्तर देत नव्हती. हातभट्टीची पिते, असं तिच्या सासूनं सांगितलं होतं. माझ्या औषधावर निदान लेबल होतं. हिला तर दारूबंदीच्या पोलिसांचीही धास्ती.

मी तिच्या खाटेजवळ स्टूल घेतलं आणि माझं सगळं सांगितलं. बाटली, जांभया, तान्हीचा चमचा, मी बूच काढलं ते. ती भिंतीकडेच बघत होती. ऐकते आहे की नाही ते कळत नव्हतं. माझं सांगून संपलं.

भिंतीकडे तोंड ठेवूनच तिनं विचारलं, “तुज्या पोरी तुज्याकडंच हायेत?”

“माझ्याकडेच आहेत,” मी म्हटलं.

“नेल्या व्हत्या ना पन?”

“मोठीला नेलं होतं. परत आली.”

ती वळली. पहिल्यांदा मला तिचं तोंड दिसलं. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होती, विशीचीही नसेल. उठून बसली, पाय खाली सोडले, आणि शेजारचं गुंडाळलेलं पोर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

“याला धर,” ती म्हणाली. “बाईंकडं मीच जाते.”

भिंतीचा आधार घेत ती व्हरांड्यातून निघाली. मी पोराला छातीशी घट्ट धरून, अजिबात न हलता, ती परत येईपर्यंत बसून राहिले.